ग्लुटेन टाळणाऱ्यांना ओट चालतो का? चाऱ्याचा ओट घरात नेण्याआधी हे वाचा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळमेश्वर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा फोन आला. घरी सहा म्हशी, दुधाचा जोडधंदा आणि दोन एकरांत केंट जातीचा ओट. दीड एकर चाऱ्यासाठी कापला होता. अर्धा एकर बियाण्यासाठी राखला होता आणि त्याची मळणी नुकतीच झाली होती.

“साहेब, माझ्या भाचीला डॉक्टरांनी गहू बंद केला आहे. सिलियाक निघाला म्हणतात. बहिणीने मोबाइलवर वाचले की ओट चालतो. दुकानातले ओट्स महाग पडतात आणि माझ्याकडे घरचा ओट पोत्याने पडला आहे. फवारणीसुद्धा केलेली नाही. वीस किलो दळून पाठवू का?”

भाची नऊ वर्षांची. मामाची तळमळ खरी होती. तरीही मी सांगितले, “दळू नका. आधी एक किलो नमुना घेऊन या.”

असे प्रश्न आता वरचेवर येतात. विदर्भात दुग्धव्यवसायासोबत ओट चारा म्हणून शेतात आला. त्याच वेळी शहरात ओट्स आरोग्याचे अन्न म्हणून नाश्त्याला आले. पीक एकच असल्यामुळे शेतातला ओट आणि पाकिटातले ओट्स एकच, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- ओटच्या शुद्ध दाण्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते. सिलियाक असलेल्या बहुतेक रुग्णांना शुद्ध ओट मर्यादित प्रमाणात चालतो. काही थोड्या रुग्णांना मात्र शुद्ध ओटही चालत नाही.
- शेतात पिकवलेला, नेहमीच्या यंत्रावर मळलेला आणि नेहमीच्या गिरणीत दळलेला ओट शुद्ध नसतो. त्यात गहू मिसळलेला असतो.
- म्हणून घरचा चाऱ्याचा ओट सिलियाकच्या रुग्णाला देऊ नये. आपल्याकडे त्याहून सोपा पर्याय ज्वारीचा आहे, पण त्यातही गिरणीची काळजी घ्यावी लागते.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की कणीक ताणली जाते. हा चिवटपणा ज्या प्रथिनांमुळे येतो त्यांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन हे त्याचे दोन मुख्य भाग. पोळी लाटता येते ती याच चिवटपणामुळे. ज्वारीच्या पिठात तो नसतो, म्हणून गरम पाण्यात पीठ भिजवून भाकरी हाताने थापावी लागते. ज्यांच्या घरी दोन्ही होतात त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

गव्हाच्या जवळच्या नात्यातील दोन धान्यांतही असेच त्रासदायक प्रथिन असते. बार्लीत, म्हणजे सातू किंवा जवात, त्याला हॉर्डिन म्हणतात. राय या युरोपातील धान्यात त्याला सिकॅलिन म्हणतात. येथे नावांचा घोळ होतो. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे आणि जव म्हणजे जवस नव्हे. मोहरी आणि जवस या दोन्ही तेलबिया आहेत व त्यांत ग्लुटेन नसते.

सिलियाक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, अन्नरस तेथूनच शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग जुलाब, पोट फुगणे, औषध घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, मुलांची उंची आणि वजन न वाढणे अशा तक्रारी सुरू होतात. पुढे हाडेही ठिसूळ होतात. यावर आज उपाय एकच आहे, आयुष्यभर ग्लुटेन बंद. “थोडेसे चालेल” ही सवलत या आजारात नाही.

हा आजार फक्त परदेशातला आहे, असे समजू नये. भारतातील तीन विभागांत केलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिलियाकशी संबंधित प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के लोकांच्या रक्तात आढळली. या आजाराला लागणारी आनुवंशिक ठेवण तिन्ही विभागांत जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता गहू खाण्यात. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. विदर्भातील ताटातही गेल्या दोन पिढ्यांत ज्वारीची भाकरी मागे पडून गव्हाची पोळी पुढे आली आहे. त्यामुळे गावपातळीवर काम करणाऱ्यांना या आजाराची ओळख असायला हवी.

ओटचे प्रथिन वेगळे कसे?

गहू, बार्ली आणि राय हे तृणकुळातील एकाच उपगटातले सख्खे भाऊ. ओट त्यांचा चुलत भाऊ म्हणावा लागेल. ज्वारी आणि मका तर आणखी लांबचे.

गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग ग्लुटेनचा असतो. ओटमध्ये बहुतांश प्रथिन वेगळ्याच प्रकारचे, म्हणजे ग्लोब्युलिन असते. ग्लुटेनशी साम्य असलेल्या प्रथिनाला अॅव्हेनिन म्हणतात आणि त्याचा वाटा साधारण १० ते १५ टक्केच असतो. त्याची रचनाही ग्लायडिनपेक्षा वेगळी असल्याने बहुतेक रुग्णांचे शरीर त्याला शत्रू समजत नाही.

हे कळायला बरीच वर्षे गेली. गव्हामुळे सिलियाक बळावतो हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. त्या काळात गहू आणि रायसोबत ओटही वर्ज्य ठरला आणि कित्येक दशके वर्ज्यच राहिला. १९९५ मध्ये फिनलंडमधील ९२ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने रोज साधारण ५० ते ७० ग्रॅम ओट खाल्ला. ओट न खाणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या आतड्याचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. त्यानंतर जगभरातील आहारविषयक भूमिका हळूहळू बदलली.

तरीही सर्व देशांचे एकमत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार खास पद्धतीने पिकवलेला व हाताळलेला ओटच ग्लुटेनमुक्त म्हणून विकता येतो. कॅनडाने २०१५ मध्ये अशा खास ओटला परवानगी दिली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र ओटवर ग्लुटेनमुक्त असे लिहिताच येत नाही. कारण काही थोड्या रुग्णांना अॅव्हेनिनचाही त्रास होतो आणि तो कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

भारतात २०२० च्या अन्न लेबल नियमांत, अॅलर्जीची सूचना देण्यासाठीच्या यादीत, गहू, राय आणि बार्लीसोबत ओटचाही समावेश ‘ग्लुटेनयुक्त तृणधान्ये’ या गटात आहे. म्हणजे खास खात्री केलेली नसेल तर ओट हा संशयितच धरायचा.

पाच दाण्यांचा हिशोब

आता शेतकऱ्याच्या कामाचा भाग. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानक आणि आपले भारतीय अन्न सुरक्षा नियम, दोन्हींत ग्लुटेनमुक्त अन्नाची मर्यादा एकच आहे, एका किलोत २० मिलिग्रॅम ग्लुटेन. हा आकडा कागदावर लहान वाटतो. तो दाण्यांत मोजून पाहू.

- गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरू. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅमचा.
- गव्हात ग्लुटेन साधारण १० टक्के धरू. म्हणजे एका दाण्यात ४ मिलिग्रॅम.
- २० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला गव्हाचे फक्त पाच दाणे लागतात.

एक किलो ओटमध्ये टरफलासह सुमारे तीस हजार दाणे असतात. तीस हजारांत गव्हाचे पाच दाणे, तेथे मर्यादा संपली. क्विंटलचा हिशोब केला तर गव्हाचे ५०० दाणे, म्हणजे २० ग्रॅम. मूठभर गहूसुद्धा नाही, अर्धी मूठ.

मळणी यंत्राच्या कोपऱ्यांत, चाळण्यांत आणि उंचावणीच्या पट्ट्यात आधीच्या पिकाचे एक किलो धान्य सहज अडकून राहते. तो एक किलो गहू ५० क्विंटल ओटला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरेसा आहे.

शिवाय मिसळ सगळीकडे सारखी पसरत नाही. ४० ग्रॅम ओटच्या एका वाटीत गव्हाचा एकच दाणा आला, तर त्या वाटीतील प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. शेजारच्या वाटीत एकही दाणा नसेल. म्हणून पोत्यातून काढलेला एक नमुना प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाला, तरी सगळे पोते शुद्ध आहे असे ठरत नाही.

एवढ्याशा ग्लुटेनने खरेच बिघडते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज मोजून ग्लुटेन दिले गेले. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याचे नुकसान झाले. गव्हाच्या एका पोळीत अडीच ते तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढे ग्लुटेन रोज पोटात जात राहिले तरी आजार आतून चालूच राहतो. बाहेरून लगेच काही दिसतेच असे नाही, आणि हीच अडचण आहे.

ताडपत्रीवर पसरलेला एक किलो

कळमेश्वरचे शेतकरी चौथ्या दिवशी नमुना घेऊन आले. आम्ही तो पांढऱ्या ताडपत्रीवर पातळ पसरला आणि दोघे निवडायला बसलो. ओटचा दाणा लांबट, सडपातळ आणि टरफलात गुंडाळलेला. गव्हाचा दाणा उघडा, गोलसर आणि मध्ये खाच असलेला. डोळ्यांना फरक लगेच कळतो.

दोन्ही हातांची बोटे मोजून संपली तरी गहू निघतच होता. काही दाणे अख्खे, काही फुटलेले. फुटलेल्या दाण्याचे पीठ ओटला चिकटते आणि ते निवडूनही निघत नाही.

त्यांनी मान हलवली. “म्हणजे मी भाचीला गहूच पाठवणार होतो.”

त्यात त्यांची चूक नव्हती. चाऱ्याच्या बियाण्यात किलोमागे गव्हाचे काही दाणे असले तर म्हशीला फरक पडत नाही. तो माल त्या कामासाठी चांगलाच होता. तो भाचीच्या ताटासाठी पिकवलेला नव्हता, एवढेच.

आपल्याकडे ओटमध्ये गहू कुठून येतो?

नागपूर जिल्ह्यात सोयाबीन किंवा धानानंतर रब्बीत गहू घेण्याची पद्धत आहे. ओटही त्याच हंगामात, बहुतेक वेळा गव्हाच्या शेजारच्या पट्ट्यात असतो. दोघांची पेरणी आणि काढणी जवळपास एकाच वेळी येते. त्यामुळे मिसळीच्या जागा ठरलेल्या आहेत.

१. बियाणे: घरचे किंवा शेजाऱ्याकडून घेतलेले बियाणे आधीच मिसळलेले असते.

२. आधीचे पीक: मागच्या वर्षी गहू असलेल्या शेतात सांडलेले दाणे आपोआप उगवतात. पोटरीपूर्वी गव्हाचे आणि ओटचे रोप वरवर सारखेच दिसते.

३. पेरणी यंत्र: गव्हानंतर त्याच यंत्राने, पेटी पूर्ण साफ न करता ओट पेरला जातो.

४. काढणी आणि मळणी: सर्वांत मोठी मिसळ येथे होते. भाड्याचे मळणी यंत्र गावभर गहू मळत फिरते. हंगामात बाहेरून येणारे कंबाइनही एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

५. खळे, ताडपत्री आणि पोती: गव्हाची रिकामी पोती उलटी करून झटकली तरी शिवणीत दाणे राहतात.

६. वाहतूक आणि साठवण: ट्रॉलीचा तळ, कोठी, पाटी, माप.

७. गिरणी: एकाच जात्यावर आधी गहू आणि नंतर ओट.

ही केवळ आपल्या गावची अडचण नाही. ओट पिकवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक असलेल्या कॅनडातही हेच आढळले. तेथील बाजारातील साध्या ओटच्या १३३ नमुन्यांची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ८८ टक्के नमुन्यांत ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

चाळून, निवडून घेतले तर?

घरी ताटात निवडून अख्खे दाणे निघतील, पीठ आणि तुकडे निघणार नाहीत. एका किलोत पाच दाण्यांची मर्यादा असताना डोळ्यांवर विसंबून एखाद्या मुलीचा आहार ठरवता येत नाही.

परदेशात दोन पद्धती वापरतात. पहिलीत साधा ओट घेऊन आकार, वजन आणि रंगावर चालणाऱ्या यंत्रांनी परकी धान्ये वेगळी काढतात. दुसरीत सुरुवातीपासूनच शुद्धता राखतात. तपासलेले बियाणे, आधीची काही वर्षे गहू किंवा बार्ली न घेतलेले शेत, शेजारच्या गव्हापासून अंतर, उभ्या पिकातून परकी रोपे उपटणे, धुऊन साफ केलेली यंत्रे, स्वतंत्र साठवण आणि फक्त ओटसाठी वेगळी गिरणी. त्यानंतर प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी. ही साखळी एका जागी तुटली तरी माल साधा ठरतो.

एकट्या शेतकऱ्याने आपल्याकडे ही सगळी साखळी उभी करणे आज तरी परवडणारे नाही.

चाऱ्याचा ओट खाण्यासाठी आणखी तीन कारणांनी योग्य नाही

*टरफल:* केंट, जेएचओ-८२२, फुले हरिता अशा जाती आपल्याकडे हिरव्या चाऱ्यासाठी आहेत. त्यांच्या दाण्याला घट्ट टरफल असते आणि ते दाण्याच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा किंवा थोडे अधिक भरते. ते काढायला वेगळे यंत्र लागते. गावच्या गिरणीत टरफलासह दळले जाते आणि ते पीठ माणसाच्या खाण्याजोगे नसते.

*खवटपणा:* ओटमध्ये गव्हापेक्षा तेलाचे प्रमाण जास्त. दाणा फुटला की त्यातील विकरे तेलाचे विघटन करतात आणि पीठ लवकर खवट, कडवट होते. कारखान्यात वाफ व उष्णता देऊन हे थांबवतात आणि मग दाणा चपटा करून पाकिटात भरतात. घरी ही सोय नसते.

*बीजप्रक्रिया:* पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते. असे बियाणे उरले तरी माणसाने किंवा जनावराने खाऊ नये. ही सूचना ग्लुटेनपेक्षाही आधीची आहे.

चारा म्हणून ओटचे मोल यामुळे कमी होत नाही. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरमध्ये पेरणी, हेक्टरी सुमारे १०० किलो बियाणे, दोन ओळींत २५ ते ३० सेंमी अंतर, पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी आणि दुसरी त्यानंतर ३५ ते ४० दिवसांनी, असे नियोजन केले तर हिवाळ्यात दुभत्या जनावरांना लुसलुशीत चारा मिळतो. ओटचे खरे काम आपल्याकडे हेच आहे.

दुकानातील ओट्सचे पाकीट घेताना

“ओट्समध्ये ग्लुटेन नसते” हे वाक्य ऐकून कोणतेही पाकीट उचलू नये.

- पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘होल ग्रेन’ या शब्दांचा ग्लुटेनशी संबंध नाही.
- अॅलर्जीची सूचना वाचावी. ‘गहू असू शकतो’ किंवा ‘गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार’ असे लिहिले असेल तर ते पाकीट रुग्णासाठी घेऊ नये.
- मसाला ओट्स, म्युसली, बिस्किटे यांत गव्हाचे घटक किंवा बार्लीचे माल्ट असू शकते. घटकांची यादी पूर्ण वाचावी.
- सुटे ओट्स घेऊच नयेत.

खात्रीचे पाकीट मिळाले तरी ओट सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा. साधारणपणे आधी गहू पूर्ण बंद करून प्रकृती सावरू देतात आणि मग थोड्या प्रमाणात ओट देऊन लक्ष ठेवतात. प्रौढांसाठी दिवसाला ५० ते ७० ग्रॅम आणि मुलांसाठी २० ते २५ ग्रॅम कोरडा ओट ही मर्यादा अनेक ठिकाणी सांगितली जाते.

मग भाचीला काय पाठवावे?

नागपूरच्या मामाकडे ओटपेक्षा चांगले उत्तर होते, ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नसतेच. बाजरी, मका, तांदूळ, नाचणी यांतही नसते. मेळघाटातील कोदो आणि कुटकी, उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा हेही मुळात ग्लुटेनमुक्त. सिलियाक झालेल्या मुलीला आपल्या स्वयंपाकघरात उपाशी राहावे लागत नाही. तिच्या आजीच्या ताटात जे होते तेच पुन्हा आणायचे आहे.

पण मिसळीचा हिशोब ज्वारीलाही लागू होतो. गिरणीत गव्हाच्या घाण्यानंतर लगेच ज्वारी दळली, तर पहिल्या पिठात गहू येणारच. दहा किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचे दोन ग्रॅम पीठ मिसळले की मर्यादा गाठली जाते. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही.

म्हणून पुढील काळजी घ्यावी.

- ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घ्यावी. वाळवताना गव्हाच्या ताडपत्रीवर टाकू नये.
- शक्य असल्यास घरघंटी किंवा जाते फक्त ग्लुटेनमुक्त धान्यासाठी ठेवावे. एकदा गहू दळलेली घरघंटी झटकून पूर्ण साफ होत नाही.
- सार्वजनिक गिरणीवर अवलंबून राहावे लागत असेल, तर गव्हासाठी न वापरले जाणारे स्वतंत्र जाते असलेली गिरणी शोधावी. आधी थोडी ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढल्याने मिसळ कमी होते, संपत नाही.
- घरात रुग्णासाठी परात, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. पोळ्या लाटताना उडणारे पीठही लक्षात घ्यावे.
- बांधणी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असू शकतो. डबीवरील घटक पाहावेत.
- सातूच्या पिठात आपल्याकडे गहूच असतो. रवा, शेवया, दलिया, मैदा हे सगळे गहूच.
- खपली गहूसुद्धा गहूच आहे. मधुमेहासाठी किंवा चवीसाठी त्याचे गुण काहीही असोत, सिलियाकच्या रुग्णाला तो वर्ज्य आहे. ‘जुना, देशी गहू चालतो’ असे कोणीही सांगू नये.

शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांसाठी

ग्लुटेनमुक्त पिठाला शहरात मागणी आहे. त्यात उतरायचे असेल तर ओटपासून सुरुवात करू नये. ज्वारी, नाचणी, कोदो, कुटकी अशा मुळातच ग्लुटेनमुक्त धान्यांपासून करावी. त्यासाठी किमान एवढे हवे:

- मळणी यंत्र ज्वारीआधी पूर्ण उघडून साफ करणे आणि पहिले काही किलो धान्य वेगळे काढणे.
- नवी पोती आणि स्वतंत्र कोठी.
- गहू कधीही न दळलेली गिरणी.
- प्रत्येक खेपेचे अनेक ठिकाणांहून नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी. आर-५ ही प्रचलित चाचणी गहू, बार्ली आणि रायचे ग्लुटेन मोजते, ओटचे अॅव्हेनिन मोजत नाही.
- तपासणीचा कागद हातात येईपर्यंत पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ न छापणे. ‘ज्वारीचे पीठ’ एवढेच लिहावे. ते खरेही आहे आणि पुरेसेही.

पाकिटावरचा तो एक शब्द वाचून कोणाची तरी आई मुलाला घास भरवते, हे पाकीट छापताना लक्षात ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

१. शंका असल्यास गहू स्वतःहून बंद करू नका, आधी तपासणी करा. गहू बंद केल्यानंतर रक्ततपासणी आणि आतड्याची तपासणी यांत आजार झाकला जाऊ शकतो.

२. सिलियाक आणि गव्हाची अॅलर्जी हे वेगळे आजार आहेत. निदान डॉक्टरांचे.

३. ज्यांना कोणताही आजार नाही त्यांनी ग्लुटेनला घाबरण्याचे कारण नाही. गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही हे सांगा.

४. “ओट चालतो का?” असे विचारल्यावर केवळ हो किंवा नाही म्हणू नका. “कोणता ओट? कुठे पिकवला, कशावर मळला, कुठे दळला?” हे विचारा. चारही उत्तरे खात्रीची मिळाली नाहीत, तर तो ओट रुग्णासाठी नाही.

कळमेश्वरच्या शेतकऱ्याने ओटचे पोते परत नेले आणि पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी ठेवले. पेरणीपूर्वी त्यातला गहू निवडून काढायचा, हेही ठरले. भाचीसाठी त्यांनी ज्वारी निवडून नव्या पोत्यात भरली. बहिणीने घरघंटी घेतली आणि तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले, “गहू टाकू नये.”

यंदा त्यांनी अर्धा एकर ज्वारी वाढवली आहे. ओट आहे तेवढाच, म्हशींसाठी.